न पाहिलेला सामना

"गुरुजी, पोरगं खेळात फार रमतं हो. अभ्यासाचं काय होणार?" माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न कानांवर आला नाही असं एकही वर्ष गेलं नसेल. माझं उत्तरही ठरलेलं असे. ते बरोबर होतं का, याचा विचार मात्र निवृत्तीनंतर सुचला. त्याला निमित्त झाला मो बर्ग नावाचा एक अमेरिकन मुलगा.

आपल्याकडे क्रिकेट, तसा अमेरिकेत बेसबॉल. मोचा जन्म २ मार्च १९०२ रोजी न्यूयॉर्कचा. वडील बर्नार्ड हे बाहेरून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेले ज्यू. पुढे न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात त्यांनी औषधांचं दुकान चालवलं. साडेतीन वर्षांचा असतानाच "मला शाळेत घाल" म्हणून मोने आईच्या मागे लकडा लावला होता. आणि हाच मुलगा सातव्या वर्षी एका चर्चच्या संघातून बेसबॉल खेळू लागला, तेही स्वतःचं ज्यू नाव बाजूला ठेवून, 'रंट वुल्फ' या टोपणनावाने! पुस्तकाची ओढ आणि चेंडूची ओढ, दोन्ही एकाच पोरात.

बॅरिंजर हायस्कूलमधून तो १९१८ साली बाहेर पडला, तेव्हा वय अवघं सोळा. त्याच वर्षी तिथल्या एका वर्तमानपत्राने शहरातल्या सगळ्या शाळांमधून नऊ उत्तम खेळाडूंचा संघ निवडला. त्यात तिसऱ्या बेसची जागा मोला मिळाली.

पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठात गेला. तिथे त्याने लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन या भाषा घेतल्या आणि, मंडळी, सातवी आपली संस्कृत! हे वाचलं तेव्हा हातातला चहा थांबला. मैदानावर तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळत असे. समोरच्या संघाचा धावणारा दुसऱ्या बेसवर येऊन उभा राहिला, की मो आणि त्याचा जोडीदार आपले बेत चक्क लॅटिनमधून बोलत. शेजारी उभ्या असलेल्याला ओ की ठो कळत नसे! वर्गातलं मैदानावर कसं उपयोगी पडतं, याचं इतकं गोड उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

१९२३ साली तो विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाला आणि लगेच व्यावसायिक संघात गेला. तरी पुस्तक सुटलं नाही. कोलंबिया विद्यापीठात कायद्याचं पहिलं वर्ष पुरं करण्यासाठी १९२६ सालच्या हंगामाचे पहिले दोन महिने त्याने सोडले, आणि १९३० मध्ये कायद्याची पदवी घेतली. खेळाडू म्हणून तो फार मोठा झाला नाही. शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर चोवीसदा यश, अशी त्याची सरासरी. "याला सात भाषा येतात, पण एकीतही फटका मारता येत नाही" अशी थट्टा व्हायची. पण पंधरा हंगाम तो टिकला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्यात त्याच भाषा कामी आल्या. १९४४ साली झुरिकला जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या व्याख्यानाला तो खिशात पिस्तूल घेऊन बसला होता. जर्मनी अणुबॉम्बच्या जवळ आली आहे असं दिसलं, तर गोळी घालायची होती. व्याख्यान ऐकून त्याने ठरवलं, गरज नाही.

असो. मला सांगायचं आहे ते वेगळंच. बर्नार्ड बर्ग यांना बेसबॉल म्हणजे वेळेचा अपव्यय वाटे. मुलगा विद्वान झाला, वकील झाला, तरी त्यांनी त्याचा एकही सामना पाहिला नाही. शेवटपर्यंत नाही.

हे वाचून पुस्तक मिटलं आणि माझा एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आला. खो-खोत जिल्ह्याच्या संघात निवड झालेला, वर्गात मधल्या बाकावर बसणारा. वडील विचारायला आले. मी म्हणालो, "दहावीचं वर्ष आहे, खेळ बंद करा." त्यांनी गुरुजींचा शब्द मानला. मुलगा पास झाला, गुण मात्र नववीइतकेच पडले. मोकळ्या झालेल्या संध्याकाळी अभ्यासात गेल्या नाहीत, नुसत्याच गेल्या.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नात तो भेटला. वाकून नमस्कार केला. बोलता बोलता खो-खोचा विषय निघाला तेव्हा हसून म्हणाला, "सर, तुम्ही एकदा तरी सामना बघायला यायला हवं होतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. शाळेचं मैदान माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसत असे. मी त्या खिडकीकडे पाठ करून शिकवत होतो.

आता कोणी तोच प्रश्न विचारला, तर मी एवढंच विचारतो, "त्याचा खेळ तुम्ही पाहिलाय का? आधी एकदा बघून या, मग बोलू."