अतिदाब प्राणवायू उपचार : अचानक आलेल्या बहिरेपणावर

स्टेरॉइडच्या जोडीने दिला जाणारा पूरक उपचार. रुग्णाला बंद कक्षात ठेवून, वातावरणाच्या २ ते २.५ पट दाबाखाली, जवळपास शुद्ध प्राणवायू श्वासावाटे देतात. एक बैठक साधारण ९० मिनिटांची. अशा १० ते २० बैठका होतात.

आजार फसवा आहे. रात्री धडधाकट झोपलेल्या माणसाचा एक कान सकाळी बंद असतो. आत गुणगुण चालू असते, कधी चक्करही येते. ७२ तासांच्या आत, लगतच्या तीन कंप्रतांवर किमान ३० डेसिबल श्रवण घटले, तर त्याला अचानक आलेला मज्जाजन्य बहिरेपणा म्हणतात. बहुतेकांत कारण सापडत नाही. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये आपला अनुभव जाहीर केला, तेव्हा या आजाराची चर्चा झाली. विमानातून उतरताना काहीच ऐकू येत नसल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. डॉक्टरांनी विषाणूसंसर्गाकडे बोट दाखवले.

अंतर्कर्णातल्या केशपेशींना प्राणवायू भरपूर लागतो, आणि तिथे रक्त नेणारी धमनी मात्र बारीक व एकटीच. ती तुंबली तर पर्यायी वाट नाही. वाढलेल्या दाबाखाली प्राणवायू रक्तद्रवात थेट विरघळतो आणि अंतर्कर्णातील द्रवापर्यंत जास्त प्रमाणात पोहोचतो. उपचारामागचा तर्क हाच.

या आजारावर हा उपचार १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्स आणि जर्मनीत सुरू झाला. मुंबईत कुलाब्याच्या 'आयएनएचएस अश्विनी' या नौदल रुग्णालयाच्या आवारात नौदल वैद्यक संस्था आहे. पाणबुड्यांच्या आजारांमुळे अतिदाब वैद्यकाचे शिक्षण तिथे रुजले. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका हा उपचार स्टेरॉइडसोबतच सुचवते : लक्षणांपासून दोन आठवड्यांच्या आत, किंवा आधीचे उपचार फसल्यास महिन्याभरात. तोही ऐच्छिक पर्याय म्हणून. अनेकांचा कान आपोआपही सुधारतो, त्यामुळे कक्षाचे श्रेय नेमके किती, हे मोजणे अवघड जाते. दाबामुळे कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, नजर काही काळ अधू होऊ शकते. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल आणि तिच्यावर उपचार झालेले नसतील, तर हा उपचार देत नाहीत.

गोंदिया जिल्ह्यातील केशोरी (ता. अर्जुनी मोरगाव) येथील रुग्णासाठी खरा प्रश्न कक्षाचा नाही, दिवसांचा आहे. कानाला दडा बसला म्हणजे मळ साचला असेल, सर्दी असेल, असे समजून तेल घातले जाते आणि आठवडा निघून जातो. वास्तविक कानात डोकावून मळ आहे की नाही ते दिसते, आणि नादकाट्याच्या साध्या चाचणीने दोष वहनाचा की नसेचा याचा अंदाज लगेच येतो. श्रवणमापनाने तो पक्का होतो. त्यासाठी गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावे लागते. एक कान एकाएकी बंद झाला, तर तेल घालू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि कक्षाची वाट पाहत औषध लांबवू नये.