रोगाची खबर कामगाराची, बटण मालकाचे

२०२१ च्या जुलै महिन्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये एका आठवड्यात सहा लाखांहून अधिक लोकांच्या मोबाईलवर एकच सूचना आली : तुम्ही कोरोनाबाधित माणसाच्या जवळ होतात, घरात थांबा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे ॲप ब्लूटूथवरून कोण कोणाजवळ किती वेळ होता याची नोंद ठेवत होते. सूचना आलेला माणूस दहा दिवसांपर्यंत घरी बसणार, म्हणजे गोदामात, दुकानात, कारखान्यात तेवढे हात कमी. मग अनेक ठिकाणी मालकांनी आणि मुकादमांनी कामगारांना सांगायला सुरुवात केली की कामावर आलात की ॲपमधला संपर्क-शोध बंद करा. फोन लॉकरमध्ये ठेवला असेल किंवा काचेच्या पडद्याआड काम असेल तर तो थोडा वेळ बंद करायला सरकारचीच मुभा होती. मालकांनी त्या फटीचा दरवाजा केला. रोग होता तिथेच होता, फक्त कामगाराला तो कळू नये अशी सोय झाली.

केळापूरच्या पोरांना याचे काय, असे काही मित्र विचारतील. आमचे म्हणणे असे की या प्रकाराची मुळे लंडनपेक्षा आपल्याच इतिहासात जास्त खोल आहेत. धोक्याची खबर कोणी आणायची, ती कोणाच्या कामी यायची आणि ती कधी दाबायची, हे या देशात जातीने आणि मालकीने ठरवलेले आहे. ॲप काल आले.

गावगाड्यातला महार आठवा. मयताची खबर परगावच्या नातेवाइकांना पोचवायची ती महाराने. ऊन असो, पूर असो, रात्र असो. जन्ममृत्यूची वर्दी पाटलाकडे द्यायची महाराने, मेलेले ढोर ओढून न्यायचे तेही त्यानेच. गावात पटकी शिरली तर कोणत्या घरात माणूस गेला हे ज्यांना आधी कळे त्यांत तो असणारच. पण कळून त्याला करता काय येत होते? ते घर टाळण्याचा, काम नाकारण्याचा अधिकार त्याला नव्हता. खबर वाहून नेणारा तो, आणि खबरेचा उपयोग दुसऱ्याला. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे दुरुस्ती विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी नेमके हेच दाखवले की या नोकरीला वेळ नाही, कामाची मर्यादा नाही, आणि वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जुंपले जाते. ते विधेयक मुंबई इलाख्यापुरते होते. आपला वऱ्हाड तेव्हा वेगळ्या प्रांतात होता. पण वेठ ती वेठच, इलाखा बदलला म्हणून तिचे ओझे हलके झाले नाही.

आता शहरात या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. नगरपालिकेने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचा हुकूम काढला. लोकांना रुग्णालय म्हणजे मरणाचे घर वाटत होते. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. त्यानंतर हुकूम सैल करण्यात आला. इतिहासाच्या पुस्तकांत हे बहुधा 'जनतेच्या भावनांचा आदर' म्हणून येते. त्यामागचे दुसरे कारण मात्र कमी सांगितले जाते. पालिकेचे कमिशनर स्नो यांना धास्ती होती ती हलालखोर आणि बिगारी शहर सोडून जातील याची. मैला उचलणारे गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणजे ज्यांना माणूस म्हणून शहर शिवत नव्हते, त्यांच्यावाचून शहर एक आठवडा तगणार नव्हते! रोग पसरू नये म्हणून काढलेला नियम कामाचे हात टिकावेत म्हणून मागे घेतला गेला. नियम क्रूर होता, तो सैल झाला हे बरेच झाले. पण हिशोब कशाचा मांडला होता ते पाहा. सफाई कामगार वाचेल की मरेल, हा तो हिशोब नव्हता.

गिरणीमालकांचाही तोच प्रकार. १८९७ च्या सुरुवातीला मुंबईतले लाखो लोक कोकणात, घाटावर पळाले. गिरण्यांत हातांचा तुटवडा पडला. एरवी महिन्याचा पगार अडकवून ठेवणारे मालक रोजची मजुरी रोज द्यायला तयार झाले. कामगारांची टंचाई झाली की मालकाला किती लवकर शहाणपण येते, याचा हा जुना दाखला. पण हा पैसा कशासाठी होता? प्लेगच्या शहरात थांबण्यासाठी. आजारी पडून घरी बसणाऱ्यासाठी, संशयावरून छावणीत नेलेल्यासाठी मजुरीची तरतूद नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा तर अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारला अमर्याद अधिकार आहेत, न मानणाऱ्याला शिक्षा आहे, आणि अंमल करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. विलगीकरणात गेलेल्याच्या चुलीविषयी एक शब्द नाही. १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, हाच कायदा पुन्हा वापरात आला.

त्याच १८९७ मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारीला प्लेगने गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले होते. रोगाची खबर कळल्यावर काय करायचे असते, याचे एक उत्तर मालकांनी दिले आणि एक सत्यशोधकांनी.

१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या मुलखांपैकी होता. मुंबई शहराचे त्या वेळचे सरकारी आकडे जातवार आहेत. हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना तेव्हा 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले त्यांच्यात ६१.६. रोगजंतूला जात कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा परत वाचावा. जंतूला कळत नसेल, पण चाळीतल्या खोलीला कळते, पाण्याच्या नळाला कळते, आणि आजारी असूनही कामावर जावे लागणाऱ्या पायांना तर नक्कीच कळते.

इथे आमचे काही साथी वेगळा मुद्दा काढतात. ते म्हणतात, ॲप म्हणजे पाळत, ते बंद झालेलेच चांगले. त्यांच्या शंकेत तथ्य आहे. आम्ही ॲपचे भक्त नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. 'आरोग्य सेतू' सक्तीचे करायला कायद्याचा आधार नाही, असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी २०२० मध्येच स्पष्ट सांगितले होते. कामगाराने आपल्या मर्जीने ॲप बंद ठेवले तर तो त्याचा हक्क. पण मालकाने बंद करायला लावणे ही गोष्ट निराळी आहे, जशी मालकाने चालू करायला लावणे ही निराळी. दोन्हींत फोन कामगाराचा, शरीर कामगाराचे आणि निर्णय मालकाचा.

आपल्याकडे मालकाने 'बंद करा' म्हणण्याचा प्रसंग आला नाही, कारण सरकारने त्यालाच 'चालू करा' म्हणायला नेमले होते. १ मे २०२० च्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशात सरकारी आणि खासगी सर्व कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू सक्तीचे झाले आणि शंभर टक्के वापराची जबाबदारी आस्थापनेच्या प्रमुखावर टाकली गेली. १७ मेच्या आदेशात ही सक्ती सैल होऊन 'शक्य तितका प्रयत्न' एवढीच उरली. बरेच लोक इथपर्यंत सांगून थांबतात. त्याच १७ मेच्या कागदाने आधीचे आदेश १८ मेपासून रद्द केले, आणि त्यात २९ मार्चचा आदेशही गेला. टाळेबंदीच्या काळात मालकाने कामगाराला पूर्ण मजुरी द्यावी, असे तो २९ मार्चचा आदेश सांगत होता. म्हणजे रोगाची खबर देणारे यंत्र फोनमध्ये राहिले आणि खबर मिळाल्यावर घरी बसता यावे म्हणून लागणारी मजुरी कागदावरूनसुद्धा पुसली गेली.

मजुरीशिवाय मिळालेली खबर म्हणजे खबर लपवण्याची सक्ती. ब्रिटनमध्येसुद्धा आजारपणाची कायदेशीर रक्कम तेव्हा आठवड्याला ९६ पौंड ३५ पेन्स होती. तेवढ्यात तिथे घर चालत नाही, म्हणून तिथला कामगार मालकाच्या एका शब्दावर बटण दाबत होता. इथे तर तेही नाही. इथे मालकाला शब्दही खर्चावा लागत नाही, पोट स्वतःच बटण बंद करते.

आणि पाळतीचे म्हणाल तर तीही सगळीकडे बंद होत नाही. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, हे कार्यालयात बसून दिसत होते आणि हजेरी-पगार त्याला जोडलेला होता. झाडू मारणारा माणूस सावलीत बसला तर यंत्राला कळत होते. त्याच्या शेजारी रोगी उभा होता का, हे त्या घड्याळाने त्याला कधी सांगितले? मालकाच्या कामाची पाळत चोवीस तास हवी, कामगाराच्या जिवाची नोंद मात्र सोयीप्रमाणे.

आपल्या केळापूर तालुक्यात संपर्क-शोध ॲपने झालाच नाही. कोलाम पोडावर, गोंड वस्तीत, बौद्धपुऱ्यात स्मार्टफोन होते किती? साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ हा क्रमांक आला खरा, पण घरोघर जाऊन कोणाला ताप आहे, कोण बाहेरगावाहून आले, हे विचारले ते आशाताईंनी. राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या पांढरकवड्यावरून तेलंगणात जातो. त्या रस्त्याने आलेल्यांची नोंदही गावोगावी अशा बायकांनीच केली. त्या कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. पगार नाही, मानधन आहे. कोरोनाच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये. १५ जून २०२१ पासून राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा कुठे सरकारला त्यांची आठवण झाली. खबर आणणाऱ्याला मोल नाही, ही वतनाचीच चाल आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची सुरुवात राज्यात अमरावती-यवतमाळकडून झाली. तो कापसाचा हंगाम होता, जिनिंग चालू होत्या. रुईच्या धुळीत सगळेच खोकतात, त्यात कोणता खोकला कशाचा हे कोण ओळखणार? आणि ओळखून सांगणार कोणाला? तपासणीत नाव आले की चौदा दिवसांची मजुरी गेली.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांना कारखाना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला नेमण्यात आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळावी, अशी सोय त्यात होती. खबर मिळाली तर घरी बसण्याची ताकद ही. पण हा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखाना कोणता हे सांगताना कलमात जी नावे दिली होती त्यांत साखर होती, चहा होता, आणि सगळ्यांच्या आधी कापसाचे जिनिंग होते. पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्या, रुई ओढणाऱ्या पोरांनी ते कलम वाचावे, आणि पुढच्या हंगामाच्या आधी मालकाला आणि कामगार अधिकाऱ्याला लेखी विचारावे की आजारी पडलो तर आमची मजुरी कोण देणार.