वळणाची नोंद

मोटारींच्या शर्यतीत सरळ रस्त्यावरचा वेग हा बव्हंशी इंजिनाचा आणि वळणावरचा वेग चालकाचा, अशी समजूत पूर्वापार चालत आली होती. आणि वळणावर नेमके काय घडले याविषयी चालकाच्या तोंडच्या कैफियतीखेरीज दुसरा पुरावा नसल्यामुळे, ती कैफियत ग्राह्य धरण्यावाचून यंत्रज्ञांना गत्यंतर नव्हते. घड्याळ फेरीचा एकूण काळ सांगे. परंतु तो कोठे दवडला, ब्रेक फार लवकर लावल्याने की अ‍ॅक्सिलरेटर फार उशिरा दाबल्याने, याचा निवाडा त्याच्या अधिकारात नव्हता.

1957 साली इटलीतील अखेरची ‘मिल्ले मिलिया’ शर्यत जिंकून निवृत्त झालेला पिएरो तारुफी हा व्यवसायाने अभियंता असल्यामुळे, त्याने आपल्या ग्रंथात वळणाचे गणित विस्ताराने मांडले. टायरची पकड तीच राहिल्यास वेग हा वक्राच्या त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दहा टक्के अधिक वेगाने वळायचे तर त्रिज्या एकवीस टक्के मोठी हवी, आणि ती मिळवण्यासाठी रस्त्याच्या कडेपासून कडेपर्यंत सारी रुंदी वापरली पाहिजे. तथापि हे गणित आदर्श मार्गाचे होते. चालक त्या मार्गाने खरोखर गेला की नाही, हे तपासण्याचे साधन अद्याप यावयाचे होते.

ते आले विमानविद्येतून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोइंग कंपनीत विमानांच्या चाचण्या घेणारा विल्यम मिलिकन पुढे बफेलोच्या कॉर्नेल वैमानिक प्रयोगशाळेत दाखल झाला, आणि विमानाच्या स्थैर्याचा अभ्यास ज्या समीकरणांनी व उपकरणांनी होई, तीच तेथे मोटारीला लावली गेली. हे गृहस्थ केवळ कागदी पंडित नव्हते. 1948 साली वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत त्यांनी ज्या वळणावर आपली बुगाटी उलटवली, त्या वळणाला आजतागायत त्यांचेच नाव आहे.

मोटारीकडे अशा शास्त्रीय नजरेने पाहण्याचा शर्यतीच्या व्यवहारात उपयोग केला तो ब्राउन विद्यापीठाचा पदवीधर अभियंता आणि 1972 च्या इंडियानापोलिस शर्यतीचा विजेता मार्क डॉनह्यू याने. टायरची पकड ही बेताच्या पगारासारखी असते. ब्रेक लावण्यात ती सगळी खर्चली की वळण्यासाठी काही उरत नाही. म्हणून ब्रेक हळूहळू सोडत जावा आणि जितकी पकड मोकळी होईल तितकेच चाक वळवावे, अशा रीतीने चालकाने पकडीच्या कमाल मर्यादेपासून क्षणभरही मागे येऊ नये, हे त्याचे सूत्र होते.

पुढे 1980 नंतरच्या दशकात होंडा कंपनीचे अभियंते फॉर्म्युला वनच्या गाड्यांतून इंजिनाची व अ‍ॅक्सिलरेटरची अंकीय माहिती पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या संघाच्या थांब्यात, उतरवून घेऊ लागले, आणि चालकाच्या कैफियतीसमोर कागदाची साक्ष उभी राहिली. अशा माहितीच्या आलेखात वेगाची रेषा वळणापाशी दरीसारखी खाली येते. दरीचा तळ म्हणजे वळणातला किमान वेग. ब्रेक सुटल्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबेपर्यंत मध्ये सपाट तुकडा दिसला, तर तेवढा काळ गाडी नुसती घरंगळली, असे खुशाल समजावे. एकाच संघातील दोघांच्या रेषा, काळाऐवजी अंतराच्या मापाने, एकमेकींवर ठेवल्या की कोणी किती मीटर आधी ब्रेक लावला हे शिकाऊ माणसालाही वाचता येते. आणि ‘गाडीच वळत नव्हती’ या जुन्या सबबीची तेव्हापासून पंचाईत झाली.

गंमत अशी की, या साक्षीने सर्वांत मोठा अचंबा घडवला तो फॉर्म्युला वनचा चालक आयर्टन सेन्ना याच्या बाबतीत. त्याच्या नोंदीत वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटरची रेषा करवतीच्या दात्यांप्रमाणे वरखाली होताना दिसे, कारण त्याचा पाय सेकंदात अनेकदा पेडलवर हलके आघात करी. टर्बोचे फेरे उतरू नयेत म्हणून ही युक्ती, असा खुलासा करण्यात येई. परंतु 1989 साली टर्बोवर बंदी आली तरी सवय राहिली. त्या वर्षी जपानमधील सुझुकाला त्याने 1 मिनिट 38.041 सेकंदांत पात्रता-फेरी मारली, आणि तशाच गाडीत बसलेला त्याच्याच संघातला आलाँ प्रोस्त दीड सेकंदाहून अधिक मागे पडला. प्रोस्तचा पाय पेडलवर सौम्य चाले. शास्त्राच्या दृष्टीने त्याचीच रीत शुद्ध. आणि तरीही त्या दिवशी घड्याळ दुसऱ्याच्या बाजूने होते! आलेखाने काय घडले ते बिनचूक सांगितले. का घडले याचा फैसला त्याने केला नाही, आणि माझ्या मते तो त्याच्या अखत्यारीतलाही नव्हता.

यंत्रज्ञांची महत्त्वाकांक्षा मात्र नोंदीवर थांबली नाही. फॉर्म्युला वनच्या 2002 च्या हंगामात पिटमधून धावत्या गाडीची यंत्रणा परस्पर बदलण्याची मुभा होती. 2003 पासून मोटार-शर्यतींच्या जागतिक संघटनेने तिला मनाई केली, आणि ती योग्यच केली असे मला वाटते. गाडीकडून पिटकडे येणारी माहिती आजही अव्याहत चालू आहे. उलट दिशेने चालकाला मिळतो तो केवळ रेडिओवरचा सल्ला, आणि त्याचा अंमल त्यालाच आपल्या हातापायांनी करावा लागतो.