घराचे दोष, पाहणी आणि किंमत : १८८२ च्या कायद्याच्या संदर्भात

पाहणीत घराचे गळके छप्पर किंवा खचलेली भिंत आढळल्यास दुरुस्तीचा भार कोणी सोसावा? सदोष घराच्या विक्रीचा हा प्रश्न प्राचीन आहे. सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या ‘दे ऑफिसीस’ या ग्रंथात रोममधील एका घराचा खटला नोंदविला आहे. पक्षिशकुन पाहण्यास अडथळा ठरणारा भाग पाडण्याचा आदेश लपवून मालकाने ते घर विकले. निवाडा करणाऱ्या मार्कस केटोने त्यास भरपाईस जबाबदार धरले.

इंग्लंडमध्ये याउलट ‘खरेदीदाराने सावध राहावे’ हे तत्त्व रूढ झाले. भारतातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मध्यममार्ग स्वीकारला. मुंबई इलाख्यास तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. कलम ५५ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्यास ठाऊक असलेला, परंतु खरेदीदारास अज्ञात व सामान्य काळजी घेऊनही न उमगणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे. सहज दिसणाऱ्या दोषांबाबत मात्र हे संरक्षण नाही. त्यामुळे पाहणीत सापडलेल्या दुरुस्तीचा हिशेब खरेदीखतापूर्वी किमतीतच करून घेणे खरेदीदाराच्या हिताचे ठरते. दोष ठाऊक असूनही जो मौन पाळतो, त्यास पुढे या कलमाचा आधार उरत नाही.