शब्दांची चाळणी

इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यात स्कन्थॉर्प नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे एक गाव आहे. १९९६ साली तिथल्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या सेवेत नाव नोंदवता येईना. कंपनीच्या संगणकात अर्वाच्य शब्दांची एक यादी होती, आणि गावाच्या इंग्रजी नावातील दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची अक्षरे त्या यादीतील एका शब्दाशी जुळत होती. (शब्द इथे छापण्याजोगा नाही. जिज्ञासूंनी स्पेलिंग लिहून पाहावे.) तात्पुरता उपाय म्हणून कंपनीने गावाचेच नाव ‘स्कॉन्थॉर्प’ करून टाकले! संगणकाच्या जगात अशा घोटाळ्याला आजही याच गावाच्या नावाने ओळखतात.

यादीतील शब्द मजकुरात भराभर शोधण्याची एक सुंदर रीत १९७५ साली बेल प्रयोगशाळेतील आल्फ्रेड अ‍ॅहो आणि मार्गारेट कोरॅसिक यांनी प्रसिद्ध केली. ती पत्रे अडवण्यासाठी नव्हती, ग्रंथसूचीतून हवे ते संदर्भ शोधण्यासाठी होती. यादीतील सगळे शब्द आधी एका झाडासारखे रचायचे. सारखी सुरुवात असलेले शब्द एकाच फांदीवर. मग मजकुराचे एकेक अक्षर वाचत झाडावर पुढे सरकायचे. अक्षर जुळले नाही तरी मागे फिरायचे नाही. वाचलेल्या तुकड्याचे शेपूट दुसऱ्या कोणत्या शब्दाची सुरुवात होऊ शकते, हे आधीच नोंदलेले असते. तिकडे उडी घ्यायची. यादी दहा शब्दांची असो वा हजारांची, मजकूर एकदाच वाचावा लागतो. अशा यंत्राला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही.

कंपन्यांना याद्यांची गरज का वाटली, हेही समजून घेतले पाहिजे. १९९५ साली शेव्हरॉन या तेल कंपनीने चार स्त्री कर्मचाऱ्यांनी केलेला लैंगिक छळाचा दावा २२ लाख डॉलर देऊन मिटवला. कार्यालयातील ई-मेलवरून फिरणारे स्त्रियांविषयीचे विनोद त्यात पुरावा होते. पत्र नोकराने लिहिले तरी जबाबदारी मालकावर येते, हे सर्वांनाच दिसले. रोजची हजारो पत्रे माणसाने वाचणे अशक्य, आणि यादी स्वस्त.

पण ही स्वस्ताई कोणाला महाग पडते? २००३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या संसदेत नवी चाळणी बसली, तेव्हा सभागृहासमोर लैंगिक गुन्ह्यांविषयीचे विधेयक होते. त्याच विधेयकाचा उल्लेख असलेली पत्रे खासदारांपर्यंत पोहोचेनात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे वेल्श भाषेतील पत्रेही अडली, कारण चाळणीला ती भाषाच ओळखता येत नव्हती. आपल्या प्रतिनिधीला आपल्या भाषेत लिहिणाऱ्या नागरिकाचे पत्र कोणाच्याही नजरेस न पडता बाजूला पडते, ही आम्हाला स्कन्थॉर्पच्या गमतीपेक्षा फार वेगळी बाब वाटते.

यावर ‘पूर्ण शब्द जुळला तरच अडवा’ हा उपाय सुचतो. इंग्रजीत तो बराच चालतो. मराठीत काय होईल, हे वर्गात सहज करून पाहता येईल. समजा, एखाद्या कार्यालयाने ‘लाच’ हा शब्द यादीत घातला. अक्षरांचा तुकडा शोधला, तर ‘मलाच’, ‘तुलाच’, ‘कुणालाच’ असे लिहिणारा प्रत्येक जण संशयित ठरेल. पूर्ण शब्दच धरला, तर हे सुटतील. पण ‘लाचेचे’, ‘लाचेपोटी’, ‘लाचखोर’ हेही खुशाल निघून जातील. प्रत्यय शब्दाला चिकटवून लिहिण्याची आपली रीत यंत्राला अशी दोन्हीकडून चकवते. प्रत्येक शब्दाची सगळी रूपे यादीत घालावी, तर ती काम मराठी व्याकरण जाणणाऱ्यानेच करायला हवे.

शिवाय लबाडी करणारा यादीतले शब्द वापरीलच असे नाही. दाभोळमुळे आपल्या परिचयाची झालेली एन्रॉन कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. कॅलिफोर्नियाच्या वीजबाजारात तिने केलेल्या हातचलाखीची टिपणे २००२ साली उघड झाली. त्यांत युक्त्यांची नावे होती ‘डेथ स्टार’, ‘फॅट बॉय’, ‘गेट शॉर्टी’. पहिल्या युक्तीत तारांवरील विजेची गर्दी कमी न करताच ती कमी केल्याचे पैसे घेतले जात. ‘फसवणूक’ शोधणाऱ्या यादीला हे सारे सिनेमाच्या गप्पा वाटले असते.

गोल्डमन सॅक्स या वित्तसंस्थेचे प्रकरण तर उलटे आहे. जून २००७ मधील एका अंतर्गत ई-मेलमध्ये, कंपनीने ग्राहकांना विकलेल्या एका गुंतवणुकीचे वर्णन शिवी घालून केलेले होते. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीत कार्ल लेव्हिन यांनी ती शिवी पुन्हा पुन्हा उच्चारून अधिकाऱ्यांना जाब विचारला, कारण विकणाऱ्यांचे स्वतःचे मत त्या एका शब्दात होते. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने ई-मेलमध्ये शिव्या लिहिण्यास मनाई केल्याची बातमी आली. ती मनाई पाळली जाते की नाही, हे पाहण्याचे काम संगणकाच्या चाळणीकडे होते.