साबणाची वडी आणि स्त्रीची प्रतिमा

साबणाची वडी ही दिसावयास क्षुद्र वस्तु; इतिहासकार तिच्याकडे सहसा वळत नाहींत. तथापि गेल्या सुमारें दीडशें वर्षांत बाजाराची स्त्रीकडे पाहण्याची दृष्टि कसकशी बदलत गेली, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं साबणाच्या जाहिराती कालक्रमानें पुढें मांडून पाहाव्या. या विषयावर आपल्या समाजांत वेळोवेळीं जो गदारोळ उठतो, त्यांत मूळ प्रश्नच हरवून जातो, असें आम्हांस वाटतें.

आरंभ इंग्लंडांतील पेअर्स साबणापासून करूं. इ. स. १८८० नंतरच्या दशकांत लिली लँग्ट्री या प्रख्यात नटीनें या साबणाची शिफारस केली. तींत तिच्या रूपाचा उपयोग होताच. तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु तेथें तिचें नांव होतें, तिची सही होती, आणि साबणाविषयीं अभिप्राय देणारी तीच होती. न्यायालयाच्या भाषेंत सांगावयाचें तर ती साक्षीदार होती.

१९११ सालीं अमेरिकेंत वुडबरी साबणाच्या जाहिरातीनें निराळा मार्ग धरला. जिला स्पर्श करावासा वाटेल अशी त्वचा, हें त्या जाहिरातीचें ब्रीद. चित्रांत तरुणीच्या निकट एक पुरुष असे. येथें स्त्रीचें नांव गळालें, तिचें बोलणें गळालें. उरली ती तिची कांति आणि त्या कांतीवर खिळलेली दुसऱ्याची नजर. साबण स्वच्छतेसाठीं, हा विचार मागें पडला व साबण पसंतीसाठीं, हा विचार पुढें आला. साक्षीदार बाई उठून गेली आणि तिच्या जागीं मुद्देमाल येऊन बसला.

ही जाहिरात रचणारी व्यक्ति स्त्रीच होती, हें विशेष. हेलन लॅन्सडाउन रीझर ही जे. वॉल्टर थॉम्सन या जाहिरातसंस्थेंतील कर्तबगार लेखिका. स्त्रियांच्या मताधिकाराचीहि ती पुरस्कर्ती होती. यांत विसंगति दिसते खरी, पण साबण विकत घेणारी स्त्री होती, आणि तिच्या मनांतील धास्ती दुसऱ्या स्त्रीस अधिक चांगली ठाऊक होती. बाजार पुरुषास स्त्रीचें रूप दाखवितो, हें अर्धेंच सत्य आहे. तो स्त्रीस तिच्याच रूपाविषयींची काळजी विकतो, हें उरलेलें अर्धें. जॉन बर्जर या इंग्रज टीकाकारानें १९७२ सालीं युरोपीय चित्रकलेच्या संदर्भांत हेंच दाखविलें : जिच्याकडे सतत पाहिलें जातें ती अखेर स्वतःकडेहि परक्याच्या डोळ्यांनीं पाहूं लागते.

१९३६ सालीं याच वुडबरी साबणासाठीं एडवर्ड स्टायकन या नामांकित छायाचित्रकारानें विवस्त्र स्त्रीचें छायाचित्र घेतलें. त्या घटनेचा मोठा बोलबाला होतो. परंतु आमच्या मतें खरी उडी १९३६ ची नव्हे, १९११ चीच होय. वस्त्र पुढें उतरलें. माणूसपण पंचवीस वर्षें आधींच उतरलें होतें.

आपल्याकडे लक्स साबणाच्या जाहिरातींत झळकलेली पहिली भारतीय नटी म्हणजे लीला चिटणीस. हें वर्ष १९४१. मराठी रंगभूमीवरून आलेली ही पदवीधर स्त्री नांवानिशीं तेथें आली, हें लक्षांत घेतलें पाहिजे. पुढें १९७५ सालीं लिरिल साबणासाठीं कॅरेन लुनेल ही तरुणी धबधब्याखालीं स्वैर खेळतांना दिसली, तेव्हां तिच्या तोकड्या वेषाची चर्चा घरोघर झाली. त्याच वर्षीं गोरेपणाचें आश्वासन देणारें फेअर अँड लव्हली हें मलम बाजारांत आलें. त्याच्या जाहिरातींतील मुली अंगभर वस्त्र ल्यालेल्या असत. म्हणून ते चित्र पाहून कोणाच्या घरांत कुजबुज झाली नाहीं. परंतु वर्ण उजळल्यावांचून मुलीस नोकरी नाहीं व वरहि नाहीं, हा त्यांचा उपदेश! धबधब्याखालील मुलगी निदान स्वतःच्या आनंदांत मग्न होती. ही दुसरी मात्र दुसऱ्याच्या तराजूंत बसून आपलें वजन वाढण्याची वाट पाहत होती.

१९८६ सालीं संसदेनें स्त्रियांच्या असभ्य चित्रणास बंदी करणारा कायदा केला. स्त्रीस हीन लेखणारें चित्रणहि त्याच्या व्याख्येंत येतें, ही त्याची जमेची बाजू. पण त्याच व्याख्येंत सार्वजनिक नीतीस बाध येण्याची गोष्ट आहे, आणि लोकांचें लक्ष तिच्याकडेच अधिक गेलें. १९९५ सालीं टफ बुटांच्या जाहिरातींत मधु सप्रे व मिलिंद सोमण हीं दोघें विवस्त्र दिसलीं. त्यावरील खटला मुंबईंत चौदा वर्षें चालला आणि २००९ सालीं आरोपी निर्दोष सुटले. गोऱ्या वर्णाच्या जाहिरातींविरुद्ध मात्र स्त्रियांच्या संघटनांनाच तक्रार करावी लागली. कांहीं जाहिराती २००३ सालीं मागें घेतल्या गेल्या, आणि नांवांतील गोरेपणाचा शब्द गळावयास २०२० साल उजाडलें.

यावरून आम्ही असें म्हणत नाहीं कीं, उघडें तें सारें निर्दोष. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वस्त्राची लांबी ही या प्रश्नाची फूटपट्टी नव्हे. जो पदर सांवरावयास सांगतो आणि जो तो ढळवून पैसा करतो, ते दोघेहि स्त्रीकडे देह म्हणूनच पाहतात. एकास तो झांकावयाचा असतो, दुसऱ्यास विकावयाचा, एवढाच भेद. म्हणून चित्रासमोर विचारावयाचें तें निराळेंच : ही स्त्री येथें कांहीं करीत आहे कीं नुसती मांडून ठेविली आहे? तिला मत आहे काय? तिला काढून तेथें फुलदाणी ठेविली तर चित्राचा अर्थ बदलेल काय?

जाहिरात आतां भिंतीवर राहिली नाहीं. ती मुलांच्या हातांतील यंत्रांत येऊन बसली आहे. ती पुढें येतांच आपण घाईनें तोंड फिरवितों, आणि मुलांस त्यावरून एवढेंच कळतें कीं, स्त्रीचा देह ही लाजेची वस्तु आहे. त्यापेक्षां त्यांच्याजवळ बसून वरील तीन प्रश्न मोठ्यानें विचारावे. उत्तरें मुलगीच देईल. आणि आपण पाहिली जाणारी नव्हे, पाहणारीहि आहों, हें तिला त्या क्षणीं उमगेल. मुलानेंहि तीं उत्तरें ऐकिलीं, तर अधिकच बरें.