स्वस्त जळण

आमच्या घरी जळण निवडायचं काम अम्मीचं. मोळीतली दोन लाकडं ती एकमेकांवर आपटून पाही. खणखणीत वाजली तर घ्यायची. बद्द आवाज आला तर मोळी परत. एका पावसाळ्यात स्वस्त मिळाली म्हणून मीच ओली मोळी घेऊन आलो. त्या संध्याकाळी फुंकणी फुंकून तिचे डोळे लाल झाले, रात्रभर ती खोकत राहिली. मला एका शब्दानं बोलली नाही, याचीच आजवर बोच आहे.

पुढे लंडनचा इतिहास वाचताना तीच मोळी आठवली. तिथं घर ऊबदार ठेवायला पूर्वी लाकूड जाळत. सोळाव्या शतकात शहर वाढलं, लाकूड महागलं आणि लोक जहाजांतून येणाऱ्या स्वस्त दगडी कोळशाकडे वळले. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन यांनी या धुराविरुद्ध राजा दुसरा चार्ल्स याला उद्देशून ‘फ्युमिफ्युजियम’ ही पुस्तिका लिहिली. धुराचे उद्योग शहराबाहेर न्या, भोवती सुगंधी झुडपं लावा, असं त्यांनी सुचवलं. धूर मात्र वाढतच गेला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत धुरकं शहरावर बसून राहिलं. तेव्हा मृतांचा अंदाज चार हजारांचा होता; पुढच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांवर नेला. त्यानंतर, १९५६ मध्ये, स्वच्छ हवेचा कायदा झाला.

कोळसा मागे पडला, गॅस आला. अलीकडे हौसेनं लाकडाच्या शेगड्या पुन्हा पेटल्या. मग लाकूड कोणतं घ्यावं? झाडाच्या जातीपेक्षा ओलावा महत्त्वाचा. ताज्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असू शकतं. आगीची ऊब ते पाणी उडवण्यातच जाते, जाळ मंदावतो, धूर होतो आणि धुराड्यात डांबर साचतं. म्हणून लाकूड फोडून, वर आडोसा आणि बाजूंनी वारा ठेवून, वर्ष-दोन वर्षं वाळवायचं. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. सुकं लाकूडही धूर सोडतंच, पण पुष्कळ कमी.

ओलावा मोजायला आता यंत्र मिळतं. अम्मीला दोन लाकडं आणि कान पुरत. स्वस्त जळणाचे उरलेले पैसे कुणाच्या तरी छातीतून वसूल होतात, हे लंडनला कळायला तीनशे वर्षं लागली. मला एक रात्र पुरली. पण ती रात्र तिनं काढली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)